जलपर्णीखालचं पाणी

माझं माहेर बेल्ह्याचं, सासर इथं कुकडीच्या काठी, येडगावच्या खालच्या अंगाला. लग्नात बापानं मला म्हशीची पारडी दिली. ती इथंच वाढली, इथंच व्याली, माझ्या हाकेला वळायची. काय सांगू तुमाला भाऊ, या घरात माझं म्हणावं असं तेवढंच व्हतं.

तवा नदी उघडी व्हती. टमाट्याला औषध मारलं की फवाऱ्याचा पंप नदीवरच धुवायचा, सगळा गाव तेच करायचा. दुधावानी पांढरं पाणी दिसायचं, म्हणून जनावर तिकडं न्यायचं न्हाई, मग वाऱ्यानं-लाटंनं ते पांगायचं. पुढं बंधाऱ्यात पाणी तुंबलं अन् दोन हजार साल लागलं त्याच्या आसपास जलपर्णी आली, पयले चार गड्डे, मग काठापासून काठापर्यंत हिरवंगार, पाणीच दिसंना. आमी बायका बांबूनं पानं सारून जरा जागा मोकळी करायचो, खिडकी म्हणायचो तिला. अन् मला वाटायचं, झाकलेलं पाणी म्हंजे चांगलंच, रांजणावर झाकण ठेवतो तसं. अडाणीपणा माझा, दुसरं काय.

एका संध्याकाळी मालक दमून आडवे झाले व्हते, म्हणून त्यांना न सांगता नदीवर पंप मीच धुतला. खिडकीच्या जरा वर पानं सारली, पंपातलं, बाटलीतलं उरलेलं सगळं ओतलं. पांढरं पाणी पानांखाली शिरलं, दिसेनासं झालं, मला वाटलं गेलं वाहून. कुठं जातंय राव, वारा न्हाई, ऊन न्हाई, पाणी हालत न्हाई, ते तसंच पानांखाली दबून राहिलं. सकाळी म्हशीला मीच खिडकीवर नेली. पोटभर प्याली. दुपारी तोंडाला फेस, पाय ताठ, डॉक्टर येस्तोवर संपली. तिचं तोंड पुसलं तर त्याच औषधाचा वास. लई रडले मी.

डॉक्टर म्हणला, पाण्यात इख हाय. मालक उठले ते थेट वरल्या मळ्यात, मारुतीभावजींकडं, त्यांचा धाकटा चुलतभाऊ, त्यांनी बी त्याच दिवशी फवारलं व्हतं. गचांडी धरली, तूच घातलंस इख म्हणले. भावजी म्हणत व्हते, दादा, मी पंप हिरीवर धुतो, नदीला आलोच न्हाई. कोण ऐकतंय. मी तिथंच उभी व्हते. सांगावं वाटलं अन् गिळलं. मालक लई तापट, मला माहेरी धाडतील ही भीती. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलं ते राहिलंच.

दोन्ही घरांचं जाणं-येणं तुटलं. ना लग्नाला, ना बारशाला. मालक वारले तवा भावजी बांधावर उभं राहून रडले, अंगणात आले न्हाईत. मी तवाबी गप.

आता नळ आलाय, नदीवर कोण जातंय. भावजी हायेत अजून, डोळ्यांनी दिसत न्हाई त्यांना. त्यांच्या दारात जायला माझे पाय उचलत न्हाईत. तुमी लिवलंय न्हवं सगळं? मग छापायच्या आधी वरल्या मळ्यात जा, त्यांच्यापाशी बसा अन् वाचून दाखवा. माझं नाव घेऊन वाचा. देव तुमचं भलं करो.