कावेरी डोईफोडेंची पाटी

म्हणा मंडळी, रामकृष्णहरी! — एवढंच? मागं पानं वाढलीत का? मोकळ्या गळ्यानं म्हणा की! … हां, आत्ता पोचलं!

आता मला सांगा — चौघांनी फसवलं, तर पाचव्याला काय द्यावं? शिक्षा? बोला ना! नाही बोलणार. कारण आपण सगळे तीच देतो!

तर ऐका. कुडाळात वैजयंती मेस्त्री नावाची बाई. सुताराघरची सून. दारावरच्या लाकडी पाट्या करायची. अक्षर असं कोरायची, की ज्याचं नाव त्यानं 'ओ' द्यावी! तिनं फोनवरच्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडलं. तिथं आधीच विचारतात — पैसे कसे घेणार? आगाऊ, की माल पोचल्यावर रोख? वैजयंतीनं दोन्ही ठेवले. म्हणाली, "न बघता पैसे कोण देईल? मी तरी देईन का?"

आणि पाट्या परत यायला लागल्या! कुणाचा विचार बदलला, कुणी फोनच उचलेना. मंडळी, साडी परत आली तर दुसरीला विकता येते. पण 'श्री. दिगंबर खोत' परत आले, तर करायचं काय? दुसरा दिगंबर खोत शोधत हिंडायचं? हसा! पण तिच्या पडवीत असे कितीतरी दिगंबर भिंतीला टेकून उभे होते. सागवान फुकट, मेहनत फुकट.

नवरा भालचंद्र म्हणाला, "रोख बंद कर. आगाऊ देईल त्याचीच पाटी." तिलाही पटलं. दाबलं बटण — रोख बंद!

थोड्याच दिवसांत फोन. "ताई, मी जालन्याहून कावेरी डोईफोडे बोलते. पाटी पाहिजे होती. रोख चालेल का?"

"नाही हो. बंद केलंय."

"बरं…" म्हणाली, पण फोन काही ठेवेना. मग हळूच म्हणाली, "ताई, मी आता वेगळी राहते. पण खातं नवऱ्यासोबतचंच आहे. शिवणाचे पैसे त्यात भरले, की ते काढून घेतात. म्हणून घरात रोखच ठेवते. पाटीवर नुसतं माझं नाव टाका. आजवर कुठल्या दारावर लागलंच नाही."

वैजयंतीला वाटलं, गोष्टी काय, सगळेच सांगतात! पण तिची नजर स्वतःच्या दाराकडे गेली. 'भालचंद्र मेस्त्री'. कोरलं कुणी? हिनं! आणि हिचं नाव? छे!

"पाठवते," ती म्हणाली.

आणि काय सांगू मंडळी — तीही पाटी परत आली! खोक्यावर शेरा: 'पत्ता सापडला नाही.'

भालचंद्रनं खोकं उचलून पडवीत दिगंबरांच्या रांगेत ठेवलं. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं, असं तिला झालं. डोळे भरले, मग संताप आला. चांगलं खडसवायचं ठरवूनच तिनं फोन लावला. तोंड उघडणार, तोच पलीकडून —

"ताई! पाठवली का हो? रोज वाट बघते. पैसे डब्यात काढून ठेवलेत!"

वैजयंतीचं खडसवायचं राहूनच गेलं. "अहो, परत आली. पत्ता सापडला नाही म्हणे."

कावेरी म्हणाली, "इथं सगळ्या खोल्या एकसारख्या, ताई. मी नवी. नावानं कुणी ओळखतच नाही. कुरिअरवाल्यानं विचारलं असेल, लोक म्हणाले असतील — इथं अशी कुणी राहत नाही."

कळलं का? दारावर नाव नव्हतं, म्हणून नावाची पाटी परत आली! आणि इथं आपण म्हणत होतो — लबाड!

पाटी पुन्हा गेली. या खेपेला कावेरी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. संध्याकाळी फोटो आला. पाटी जरा तिरकीच ठोकलेली, पण बाई अशी हसतेय, की वैजयंतीनं तो फोटो शेजारीपाजारी दाखवला!

रोख पुन्हा सुरू झालं. फक्त नाव कोरायच्या आधी ती गिऱ्हाइकाशी फोनवर दोन शब्द बोलून घेते. तरी फसते का? फसते! पाटी परत आली, की भालचंद्र मुकाट्यानं फळीला रंधा मारतो आणि नव्या नावासाठी तिच्यापुढं ठेवतो.

आता तुमचं सांगा. एकाचा राग धरून दुसऱ्याच कुणाला 'नाही' म्हणालात ना? सुनेला? भाडेकरूला? सख्ख्या भावाला? आठवलं ना तोंड? एरवी मीच ओरडतो, कीर्तनात फोन बंद ठेवा! आज सांगतो — काढा. लावा त्याला. मी थांबतो. देवालाही घाई नाही.