डाव्या मडगार्डचा पोचा

नाही, तो पोचा मी बुजवणार नाही — आणि हात लावू नका साहेब, क्रीम अजून ओलं आहे. चुकून नाही पडलेला तो. चमच्याच्या पाठीनं दाबून केलाय, मुद्दाम, डाव्या मडगार्डवर, हेडलाइटच्या बरोब्बर खाली. तुमच्या क्लबानं काय सांगितलं होतं? जुन्या गाड्यांचा मेळावा, तर जेवणही गाड्यांसारखं पाहिजे — तेलाच्या डब्यांतून सूप, टायरसारखे पाव, नंबरप्लेटवर मेनू — केलं ना सगळं? आणि मधोमध तुमच्या गाडीचा केक, हुबेहूब. मग हुबेहूबच केलाय. गाडीला पोचा नाही म्हणता? आता नाही. होता. मडगार्ड बदललंत, आणि वर पाटी लावलीत — 'एकही भाग बदललेला नाही'! परीक्षक आत्ता येतील जेवायला. त्यांनी विचारलं तर सांगणार मी. सांगणारच.

मला कसं माहीत? नीट बघा माझ्याकडे. नाही ना ओळखलंत? कशाला ओळखाल! तुमच्या ड्रायव्हरची मुलगी. गॅरेजवरच्या खोलीत राहायचो आम्ही. एकवीस वर्षं बाबांनी ती गाडी पोटच्या पोरीसारखी सांभाळली — पोटच्या पोरीला, मला, कधी अंघोळ घातली नाही, तिला रोज घालायचे. आणि तुम्ही? बाबा दुपारी वर जेवायला आले आणि तुम्ही किल्ली उचललीत — सोळा वर्षांचे, धड मिसरूड फुटलं नव्हतं — आणि फाटकाच्या खांबावर नेऊन घातलीत. मग घरात जाऊन झोपलात. झोपलात! बाबा शपथा घेत बसले, मी गाडी काढलीच नाही, काढलीच नाही — ऐकतंय कोण? आठवड्यात खोली रिकामी. पुन्हा कुणी त्यांच्या हातात गाडी दिली नाही. नाहीच दिली. आई लोकांकडे स्वयंपाकाला जायला लागली, तिच्या मागेमागे मी, आणि आज ही उभी आहे तुमच्यासमोर, टायरसारखे पाव भाजत.

हळू कशाला बोलू? बाबा बाहेर बसलेत, झाडाखाली, खुर्चीवर. मीच आणलंय, डोळे भरून बघू देत म्हटलं एकदा त्या गाडीला. सकाळपासून लांबूनच बघतायत. त्यांना कमी ऐकू येतं, काळजी करू नका.

काय म्हणालात? चौकशी झाली होती? कुणीतरी पाहिलं होतं? हो, झाली ना चौकशी, मोठी चौकशी! बाबांना अजून वाटतं, माळ्यानं त्यांचं नाव घेतलं. जन्मभर बोलले नाहीत त्या माळ्याशी, तो गेला तेव्हा खांदा द्यायलासुद्धा नाही गेले. माळी कुठला आलाय! मी होते फाटकापाशी. नऊ वर्षांची. तुम्हीच गुडघ्यावर बसलात आणि म्हणालात, बाबांचं नाव सांग, तुला पुढच्या सीटवर बसवून फिरवतो. आठवतं? बाबांनी कधी आत पाय ठेवू दिला नव्हता, मालकांची गाडी आहे म्हणायचे. तुमच्या वडिलांनी विचारलं, कोणी नेली गाडी, आणि मी म्हटलं — बाबांनी. एवढंच. आणि फिरवलंत का मला? चाळीस वर्षं झाली, साधं फाटकापर्यंत तरी नेलंत का? फुकट — फुकट बोलायला लावलंत मला—

मागे काय बघताय? कोण आहे?

बाबा. तुम्ही… कधीपासून उभे आहात? बशी द्या इकडे, मी वाढते तुम्हाला. बाबा, यंत्र घातलंय होय कानात? मी म्हणत होते की… राहू दे, तो चमचा ठेवा खाली. नका बुजवू तो. बाबा, मी मुद्दाम केलाय, तुमच्यासाठी केलाय, परीक्षकांना दाखवायचाय, नका ना बुजवू… साहेब, निघा तुम्ही. निघा म्हणते ना! बाबा, ठेवा तो चमचा.