घडीच्या रेघा

नव्या सुनेनं कमी बोलावं म्हणतात ना, मी तर आधीच कमी बोलते. तरी त्या दिवशी एक प्रश्न विचारलाच.

आमचं आखाडा बाळापूरला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. हळदीचे पत्र्याचे ट्रे हातानं न कापता नांदेडहून लेसरवर कापून आणू, म्हणून हे सासऱ्यांच्या महिनाभर मागे लागले होते. शेवटी सासरे म्हणाले, "एकडाव बघू. बिघडलं तर पुन्हा लेसरचं नाव काढायचं न्हाई."

एकाच पत्र्याच्या बाजू वाकवून ट्रे होतो, म्हणून यांनी लॅपटॉपवर ट्रेचं चित्र उलगडून सपाट केलं. मी चहा घेऊन गेले, तर कापायच्या आणि घडी पाडायच्या रेघा मला सारख्याच दिसल्या. "अहो, घडीच्या रेघाही मशीन कापणार नाही ना?"

"मशीनला कळतं सगळं. चहात साखर कमी आहे बघ."

मी साखर आणली. फाइल नांदेडला गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रेच्या पत्र्याचे पाच तुकडे आले. तळ वेगळा, चारही बाजू वेगळ्या. कापलेलं मात्र अगदी सुबक.

सासऱ्यांनी एक तुकडा उलटसुलट पाहिला. "आता वाकवू काय रे, कपाळ?"

"बाबा, घडीच्या रेघा फाइलीतून काढायच्या राहिल्या."

"सूनबाईनं इचारलं व्हतं की. म्या ऐकलं." मला वाटलं, संपलं लेसर. पण ते म्हणाले, "आणखी एकडाव पाठव. पण तिला दाखवल्याबिगर न्हाई."

संध्याकाळी हे एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात माझ्यासाठी चहा घेऊन आले. साखर कमीच होती, पण रेघा बरोबर होत्या.