आठेच शे

मी मूळची धरणगावची. बाप जिनिंगात कामाला, माय घरी मांडे करायची, खापरावरचे, पुरणाचे. तुमच्याकडे पोळपाटावर लाटता ती पुरणपोळी वेगळी हं भाऊ, आमचा मांडा हातावर होतो, हे असं कोपरापर्यंत फिरवत फिरवत मोठा करायचा अन तापेल खापरावर टाकायचा. माझे हात पाहा, हे डाग बठ्ठे, सगळेच्या सगळे, त्याचेच. मायचा धंदा तोच मी बी धरला, आजपर्यंत तोच चालू आहे. धरणगावात काही डोंगर नाही, लग्न होईपर्यंत मी साधी टेकडी चढेल नव्हती. डोंगर मला नवऱ्यानं दाखवला, अन मग डोंगरानंच माझा नवरा नेला असं मी कितीतरी दिवस म्हणत होती. आता तसं म्हणत नाही. आता काय म्हणावं तेच कळत नाही. एका पोराला माफ करायचं की नाही, इतलीच एक गोष्ट माझ्या गळ्यात अडकेल आहे, अन माझी पोरगी, वैशाली, तिला धुळ्याला दिली आहे, ती रोज फोन करून तेच विचारते, आई, झालं का तुझं मन. थांबा, येते मी तिथपर्यंत. आधीच सांगितलं तर तुम्हाला मी खडूस वाटेन. खडूस तर आहेच म्हणा, बठ्ठी गल्ली सांगेल.

तर आमचे हे, लोक त्यांना नाना म्हणायचे म्हणून मी बी नानाच म्हणते, हे चोपड्याकडचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. जळगावात चटईच्या कारखान्यात मशीनवर होते, मेहरूणमध्ये आमच्या दोन खोल्या. लग्नाला महिना नसेल झाला, सुट्टीच्या दिवशी म्हणे चाल, तुले डोंगर दाखाडस. मला वाटलं एसटीतून दाखवतील. माय वं, हा माणूस उतरला अन सरळ वर चालायला लागला, मी नवी नवरी, पायात लग्नातल्या चपला, हातात हिरवा चुडा, त्यांच्या मागं मागं. अर्ध्यात माझा जीव घशाशी आला. म्हटलं, कितलं दूर शे अजून? तर मागं न पाहता म्हणे, आठेच शे. आमच्या अहिराणीत इथं-ला आठे म्हणता, तिथं-ला तठे. आठेच शे म्हणजे हे काय, इथंच आहे, आलंच. मी आपली चालली. पुन्हा विचारलं, पुन्हा आठेच शे. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आठेच शे काही संपेना. मंग मी रस्त्यातच फतकल मारली अन म्हटलं, तुम्ही खोटारडे आहात, माझ्या बापाला फसवलं तसं मला बी फसवू राहिले. ते इतके हसले, इतके हसले, की त्यांच्या डोळ्यातून पाणी. म्हणे, अवं, खरं सांगतो तर तू चढली असती का? अन हात धरून उठवलं मला. वर गेली तर वारा असा होता भाऊ, की मी बठ्ठा राग विसरली.

पुढं ते रोजचंच झालं. शेजारच्या मंगलाला शुगर निघाली, डॉक्टरनं चालायला सांगितलं, ती आमच्याबरोबर यायला लागली, मग तिची जाऊ आली, मग गल्लीतले दोघं-चौघं आले, असं करता करता आमचं टोळकंच झालं. सुट्टीला डोंगर, एरवी सकाळी मेहरूणच्या तलावाला फेरी, फेरी झाली की मी घरी येऊन कणीक भिजवायची. लोक म्हणायचे, मांडे करून हात दुखत नाहीत का अक्का, वर आणखी डोंगर कुठून सुचतो? मी म्हणायची, डोंगर चढते म्हणून तर खापरापाशी टिकते. खरंच सांगते. नानांचा एक कायदा होता, दम लागला तर उभ्यानं दम घ्यायचा, खाली बसायचं नाही, बसलं की पाय जड होता अन मन बी. तो कायदा आमच्या घरातच शिरला. कारखाना मध्ये बंद पडला होता तेव्हा नाना म्हणे, उभ्यानं दम घेऊ, अन त्यांनी सायकलवर माझे मांडे घरोघर पोचवले, लाज नाही काही नाही. वैशू बारावीला नापास झाली, आठवडाभर तोंडावर पांघरूण घेऊन पडेल होती, तिला डोंगरावर नेलं, ती अर्ध्या वाटेवर रडायला लागली, मला नाही होणार नाना, तर म्हणे बेटा, आठेच शे. पुढच्या वर्षी पास झाली. मंगलाच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात तिला हेच सांगत होते, आठेच शे वहिनी, आठेच शे. त्या एका शब्दावर कितीकांना त्यांनी ओढून नेलं, काय सांगू तुम्हाला.

पण भाऊ, सोसायची सवय लागली ना माणसाला, की ती कुठं थांबायची ते कळत नाही. हे आता समजतं मला. शेवटच्या त्या उन्हाळ्यात नाना चढताना मध्येच थांबायचे, झाडाला हात लावून उभे राहायचे, मी विचारलं काय होतं हो, तर म्हणे काही नाही, दम घेतो. उभ्यानंच घेत होते ना, मग मला बी काही वाटलं नाही. पायथ्यापासून वरपर्यंत जाणाऱ्या माणसाला काय धाड भरली असं आम्ही सगळेच धरून चालेल होतो. ते स्वतः बी.

आखाजी आली. तुमच्याकडे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात तो पोरींचा सण, सासरची पोर माहेरी येते, झोके बांधता, गाणी म्हणता, अन घरोघर पुरण. वैशू आली होती. माझ्याकडे त्या दिवशी मांड्यांची इतली मागणी की पहाटेपासून खापर थंडच झालं नाही. नाना सकाळी म्हणे, खांदा दुखू राहिला, छातीत बी कसंतरी. वैशू म्हणे मी येते सोबत, तर म्हणे नको, तू आईला हात लाव, मी आठेच तर जाऊ राहिलो. दवाखाना कोपऱ्यावर, तिथं नवीन डॉक्टर आला होता, पोरगाच, कोकणातला. सायकलवर गेले अन अर्ध्या तासात परत आले, हातात गोळ्या. म्हणे डॉक्टर म्हणतो डोंगरावर हिसका बसेल आहे, आखडला खांदा, दोन दिवसांत मोकळा होईल. मी म्हटलं सांगत होती ना, डोंगरावर सगळ्यांसाठी नेता ती पाण्याची कॅन एकट्यानं नका उचलू. हो म्हणे. एक मांडा खाल्ला, तूप जास्त घाल म्हणे, गोळी घेतली अन पंख्याखाली लवंडले. वैशू झोक्यावरून आली, दुपारी चहाला उठवायला गेली. मी खापरापाशी होती. ती ओरडली नाही हो. नुसती दारात येऊन उभी राहिली अन माझ्याकडे पाहत राहिली. मला तेव्हाच कळलं.

लोक जमले, झालं ते झालं. सगळे म्हणत होते, डोंगर चढणारा माणूस, असं कसं झालं? नणंद म्हणे, डोंगरानंच घात केला, म्हातारपणी कसाले पाहिजेत उड्या. मी तेच धरलं. डोंगराचं नाव काढलं की मी उठून आत जायची. मांड्याची परात बी उचलवेना. पण दहावं झालं अन माझ्या डोक्यात आलं, त्या डॉक्टरानं छातीचा ईसीजी का नाही काढला? गेली तशीच. पदर खोचून गेली, भांडायला. दवाखान्यात माणसं बसेल होती, मी कोणाचं ऐकलं नाही, आत शिरली अन म्हटलं, का रे, छातीत दुखतं म्हणून आलेला माणूस तू खांद्याच्या गोळ्या देऊन परत धाडला? तो पोरगा उभा राहिला. म्हणे काकू, मी विचारलं त्यांना, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, दोन्ही एकदम विचारलं. ते म्हणाले आठच. मला वाटलं आठ दिवस झाले, डोंगरावर जाता म्हणाले, मग मी हिसकाच धरला, आजच सकाळपासून आहे म्हणाले असते तर मी लगेच ईसीजीची पट्टी काढली असती, लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं.

मी म्हटलं, आठच म्हणाले? नीट आठव. काय म्हणाले? तर त्यानं डोळे मिटले अन हात असा छातीवर ठेवला, अगदी नानांसारखा, अन म्हणाला, आठेच. आठेच शे.

भाऊ, मी तिथं खालीच बसली. फरशीवर. त्या पोराला काही कळेना, पाणी आणा पाणी आणा करू राहिला. मी म्हटलं, बाबा रे, आठे म्हणजे इथं. ते इथं म्हणत होते रे, इथं. छातीवर हात ठेवून तुला दाखवत होते. जन्मभर दूरच्याला त्यांनी जवळ म्हटलं, खोटं बोलून लोकांना डोंगर चढवला, अन एकदाच खरं बोलले, तर ते समोरच्याला कळलंच नाही. पोरगा टेबलाला धरून रडायला लागला. बाहेरची माणसं आत डोकावू राहिली. मी उठली, पदर नीट केला, घरी आली.

त्यानंतर मंगलानं मला सोडलं नाही. रोज पहाटे दारात उभी, चल तलावाला. नाही म्हटलं तरी उभी. शेवटी तिच्यासाठी म्हणून गेली, मग रोज जायला लागली, मग परात उचलली, मग खापर मांडलं. एक दिवस सगळे डोंगरावर निघाले, मी बी गेली. बरी चालत होती. चढ आला, माझा श्वास फुलला, अन मंगलाच्या तोंडून निघून गेलं, चल चल अक्का, आठेच शे. तिनं जीभ चावली पण निघून गेला शब्द. माझं डोकंच फिरलं. नको ते बोलली मी तिला, तुझ्या नवऱ्याला वाचवला त्या शब्दानं अन माझा मारला, असं बोलली, अन तशीच एकटी खाली उतरून आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा दारात, चल तलावाला. काय म्हणावं हो अशा बाईला! मी तिच्या गळ्यात पडून रडली, अन पुढच्या सुट्टीला पुन्हा गेली, वरपर्यंत गेली. वर गेल्यावर काही बरं बिरं वाटलं नाही. दुःख तितलंच राहतं भाऊ, डोंगरानं ते कमी होत नाही. फक्त खाली आल्यावर चूल पेटवायचं बळ राहतं हातात. इतलंच. पण इतलं बी मला पुष्कळ आहे.

अन आता तो डॉक्टर. पळून गेला नाही, आहे इथंच. मी पाहते, त्यानं आमची बोली शिकून घेतली, म्हाताऱ्या बायांना आता एकेक गोष्ट वेगळी विचारतो, बोट ठेवून दाखव म्हणतो, आठे का तठे विचारतो. गल्लीतले म्हणता पोरगा चांगला आहे. चांगलाच आहे, मी कुठं नाही म्हणते? मागच्या महिन्यात तलावावर मला गाठलं त्यानं. खाली मान घालून म्हणे, काकू, नाना ज्या डोंगरावर जायचे तिथं मी एकदा तुमच्याबरोबर येऊ का? वैशूनंच त्याला सांगेल होतं विचार म्हणून. मंगला बी माझ्याकडे पाहू राहिली, की आता ही हो म्हणेल.

मी नाही म्हटलं. म्हटलं, बाबा, तू शंभर वर्षं जग, तुझ्या हाताला यश येवो, तुझ्या मायचं कुंकू शाबूत राहो, हे मी मनापासून म्हणते, खोटं नाही. पण माझ्याबरोबर चालू नको. तू मागं चालशील अन मला वाटेल नानाच आहेत, अन मी वळून पाहीन अन तू असशील. ते मला नाही सोसणार. तो बरं म्हणाला, वाकून माझ्या पाया पडला अन गेला.

वैशू फोनवर भांडली, आई, त्या बिचाऱ्याचा काय दोष, नुसता आशीर्वाद काय कामाचा, माफ कर ना त्याला. मी म्हटलं, बेटा, आशीर्वाद माझ्या हातात होता, तो दिला. माफी काही कणीक आहे का, भिजवली अन झाली? माफी मनात आली तर मी स्वतः जाईन त्याच्या दवाखान्यात, पहिला मांडा घेऊन जाईन. रोज सकाळी उठल्यावर पाहते मी, आली का. अजून नाही आली.