पाच भाषांतला एकच हात

हसू नका, पण त्या दिवशी माझी चांगलीच जिरली. पाच प्रोग्रॅमिंग भाषा येतात म्हणून मी ऑफिसात किती मिरवायचो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात एक मुलगी इंटरव्ह्यूला आली. येवल्याची, वडील पैठणी विणणारे. मी विचारलं, "किती भाषा येतात?"

"लिहिता दोनच येतात, सर. बाकीच्या नुसत्या वाचता येतात."

मी गालात हसलो आणि तिच्यापुढे पाच प्रोग्रॅम ठेवले. काम एकच, भाषा पाच, सगळे माझेच. नाव मात्र कुठेच नव्हतं. "यातला चांगला कोणता, सांग."

तिनं पाचही शांतपणे वाचले. "सर, हे सगळे एकाच माणसानं लिहिलेत."

मी उडालोच! "कशावरून?"

"पदर बघून माझे वडील सांगतात, कोणत्या विणकराचा हात आहे ते. इथंही प्रत्येकात आधी रिकामी यादी, मग लूप, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा फिरवत एकेक वस्तू भरायची. यातल्या तीन भाषांत हे एका ओळीत होतं. ह्यांनी भाषा पाच शिकल्या, पण विचार अजून जावा या एकाच भाषेत करतात."

शेजारी बसलेल्या मॅनेजरनं, सगळं माहीत असून, अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मग ह्या माणसाला नोकरीवर घ्यावं का?"

"घ्या की, सर. पण फ्रेशर म्हणून."

बारा वर्षं झाली होती रे मला तिथं, बारा!