लेक कॅचर, बाप दुकानात

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "तोंडावरची जाळी कशी देऊ, हेल्मेटला जोडलेली की सुटी?" अहो, जोडलेली बरी की सुटी बरी, हे विचारायला तर मी आलोय ना! मला काय कळतंय त्यातलं!

तुम्हाला सांगतो, आमची लेक बेसबॉल खेळते. तेरा वर्षांची, उंचीला माझ्या बरोबरीची. बॅट घेतलेल्याच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायला कुणी तयार होईना, तर ही म्हणाली, "मी बसते." बसली! परवा सरावात चेंडू लागला गळ्याखालच्या हाडावर... हा एवढा काळानिळा डाग! झालं. बायको म्हणाली, "नीट बघून सामान आणा, नाहीतर शनिवारची मॅच विसरा." लेक माझ्याकडे बघतेय, मी छताकडे...

दुकानदार म्हणाला, "छातीच्या गादीचं माप? नडगीचं? गुडघ्याच्या वाटीपासून घोट्यापर्यंत हवं." मी आपला तिच्या बुटांचा नंबर लिहून नेलेला! मला काय कळतंय त्यातलं! म्हटलं, "आहे माझ्याएवढीच." तर म्हणतो, "मग तुम्हीच बसून दाखवा."

बसलो! भर दुकानात, उकिडवा! त्यानं नडग्यांना पट्टे आवळले, छातीला गादी बांधली, तोंडावर जाळी चढवली... आणि समोरून चेंडू फेकला की हो! मऊच होता, पण मी डोळे गच्च मिटले अन् "आई गं!" करत मोज्यांच्या ढिगात उताणा! लागलं काहीच नाही. पण पडल्या पडल्या मनात आलं, ही पोर रोज अशी बसते? डोळे उघडे ठेवून?...

म्हटलं, "अंगावर आहे तेच द्या."

"अहो, याहून हलकं..."

"तेच! यात मी वाचलोय!"

शनिवारी चेंडू उसळून थेट छातीवर, थप्प! लेकीनं तो उचलला, फेकला, पुन्हा बसली. बायकोनं माझा हात इतका दाबला... मग काय, मी शेजारच्या प्रेक्षकांकडे वळून सुरूच, "गादी मी निवडली! त्यातलं कळावं लागतं..." तेवढ्यात बॅटची कड लागून चेंडू मागे उडाला. सगळे वाकले. मी बोलत होतो.

लेकीला ओरखडा नाही. माझ्या नाकाला पट्टी बांधता बांधता डॉक्टरीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "या वयात बेसबॉल? कुठल्या जागी खेळता?"

म्हटलं, "तिसऱ्या रांगेत."