साधू पुराव्याअभावी सुटला

(मिरजोळे. कीर्तनकार अण्णांच्या घराची पडवी. अण्णा, त्यांची मुलगी नीरजा, आणि नीरजा जिच्या ऑफिसात काम करते ती वकील तस्नीम.)

अण्णा : ...म्हणजे वर्षभर शिकायचं आणि शेवटी पोलीसही नाही, वकीलही नाही. मग होणार काय, ते तरी सांग.

नीरजा : फौजदारी न्यायाचं प्रमाणपत्र मिळेल, अण्णा.

अण्णा : अगो, ते भिंतीला लागेल. तुझं काय होईल?

तस्नीम : अण्णा, जरा दमानं घ्या. मुलगी सरबत घेऊन उभी आहे.

अण्णा : तुम्ही बोलूच नका, वकीलबाई. टायपिंगला म्हणून पाठवली होती मी तिला तुमच्याकडे.

तस्नीम : ती टायपिंग सोडून आरोपपत्रं वाचत बसते आणि मलाच प्रश्न विचारते. म्हटलं, त्यापेक्षा रीतसर शिकून घे.

अण्णा : नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळते? शपथेवर सांगा.

तस्नीम : नाही मिळत. ते तिलाही सांगितलंय. माझ्याकडे टायपिंगऐवजी केसचं काम करील, पगार थोडा वाढेल. तुरुंगातल्यांना मोफत मदत देतात, तिथे घेतील कदाचित. कदाचितच म्हणते.

अण्णा : म्हणजे झाडाला मोहोर दिसला की आंब्याचं गिऱ्हाईक शोधायचं.

नीरजा : फी मी साठवलीय. तुमच्याकडे मागत नाहीये.

अण्णा : फीचं कोण बोलतंय? एवढ्या लांब जायचं, यायचं...

नीरजा : वर्ग रत्नागिरीत आहेत. रोज तिथेच जाते मी.

अण्णा : उन्हातून.

नीरजा : रोजही ऊनच असतं.

तस्नीम : अण्णा, उलटतपासणीत तुमचा निभाव लागत नाहीये. खरं कारण सांगून मोकळे व्हा.

अण्णा : वर्ग रविवारी आहेत. पाच वाजेपर्यंत.

तस्नीम : हां.

अण्णा : हां काय? रविवारी माझी कीर्तनं असतात. हेदवीला जायचं तर दुपारीच निघायला लागतं. पेटीवर कोण बसणार?

नीरजा : शेजारचा यज्ञेश.

अण्णा : यज्ञेश पेटी वाजवत नाही, तिच्याशी भांडतो. मी दुसऱ्या चरणाला पोचलेला असतो आणि हा पहिल्यातच कुणाची तरी वाट बघत थांबलेला.

नीरजा : शिकेल की. मी काय पोटातून शिकून आले होते?

अण्णा : आणि खरं सांगू, वकीलबाई? मला या शिक्षणाचीच धास्ती वाटते. गेल्या रविवारी हिने काय केलं, बोलली का?

नीरजा : अण्णा, नको ना.

तस्नीम : आता तर सांगाच.

अण्णा : उत्तररंगाला साधूचं आख्यान लावलं होतं. राजाचा हार साधूच्या झोळीत सापडतो, राजा त्याला सुळावर द्यायला निघतो, साधू हाक मारतो आणि देव धावून येतो. मी रंगात येऊन लोकांना विचारलं, सांगा, आता या साधूला कोण वाचवणार? इथे लोकांनी विठ्ठल विठ्ठल म्हणायचं असतं. तेवढ्यात पेटीवरून ही म्हणते, पण झोळी उघडली तेव्हा साक्षीदार कोण होता?

तस्नीम : या अल्ला.

नीरजा : मी हळूच म्हटलं होतं. पेटीला माईक लावलाय हे विसरले.

अण्णा : सगळं देऊळ हसायला लागलं. पुढ्यात बसलेल्या येसूबाई म्हणतात, खरंच हो बुवा, कोण होता? आता देवळात उभा राहून खोटं कसं बोलू? म्हटलं, कोणी नव्हता. मागून आवाज आला, मग सोडा त्याला. सोडला. राजाने पुराव्याअभावी साधू सोडला. माझा देव अजून वैकुंठात चपला शोधतोय आणि इकडे आख्यान संपलं.

तस्नीम : मग?

अण्णा : मग काय, आरती. देवाला यायला जागाच ठेवली नाही हिने.

नीरजा : लोकांना आवडलं पण.

अण्णा : म्हणून तर जास्त लागलं.

तस्नीम : अण्णा, माझा एक पक्षकार आहे. धाकू. होडीचं इंजिन चोरल्याचा आळ. आत गेला त्याला पावसाळा उलटला, दिवाळी उलटली. कोर्टाने जामीन मंजूर केलाय, पण त्याला जामीन राहायला माणूस नाही. गावात जाऊन, चार घरं हिंडून कुणाला तरी तयार करायला हवं. मला कोर्टातून सवड होत नाही. हे काम नीरजा करील.

अण्णा : देवाचं नाव घेतो का तो?

तस्नीम : रोज. माझंही घेतो. पोचत मात्र मी नाही.

अण्णा : म्हणजे हाक जातेय. जाणारं माणूस कमी पडतंय.

नीरजा : आपण हेदवीला शनिवारचं विचारू, अण्णा. वर्षभराचाच तर प्रश्न आहे.

अण्णा : वर्षाने तू परत रविवारी पेटीवर बसशील?

नीरजा : ...माहीत नाही.

अण्णा : बरं झालं, उगाच हो म्हणाली नाहीस. उद्या आपल्या देवळात कीर्तन आहे. यज्ञेशला निरोप दे, पेटीवर तो बसेल.

नीरजा : उद्या तर मी रिकामीच आहे. मी काय करू?

अण्णा : समोर बस, बायकांत.

नीरजा : समोर कशाला?

अण्णा : इतकी वर्षं माझी पाठच बघत आलीस. मी गाताना कसा दिसतो, ते एकदा बघून जा.